प्रियाचा ओला फ्रॉक

(चामोर्शीचा बसस्टँड, सकाळ. गडचिरोलीची गाडी सुटायच्या बेतात. दाराशी कंडक्टर मंजुषा, तिची सासू गुणाबाई, आणि सासूचा पदर धरून उभी असलेली लहानगी प्रिया. ड्रायव्हर दादाजी आपल्या सीटवर.)

मंजुषा : पण इथी काऊन आणलं तिले, आई? ड्युटीवर हाये ना मी!

गुणाबाई : रडून राह्यली होती. मायजवळ जातो म्हने.

मंजुषा : रडते तर रोजच. काल रडली, परवा रडली, मंग खेळाले लागली म्हणून तुम्हीच सांगितलं. आज काय नवीन झालं?

गुणाबाई : जेवलीच नाई.

मंजुषा : म्हणून जीपमध्ये बसवून चामोर्शीले आणायचं? तीन वर्षांनं कामावर आली मी. डेपोतले लोक पाहूनच राह्यले, हिले जमते का नाई जमत. तिकिटाची मशीन नवीन, बटनं समजत नाईत. काल एका बाबाले आष्टीचं तिकीट देल्लं, तो गडचिरोलीले चालला होता!

दादाजी : त्यात काय, बाबा बी हासला ना. चाल, टाईम होऊन राह्यला. कोन हाये हे?

मंजुषा : सासू हाये माही, दादाजीभाऊ. आन् हे पोरगी.

दादाजी : मंग बसव गाडीत. दुपारी वापस येऊनच राह्यलो आपन.

मंजुषा : आन् चेकिंगवाले चढले तर? म्हणतीन, बाई घरदार घेऊन ड्युटी करते.

दादाजी : सासूचं हाफ तिकीट काढ, लेकराचं लागत नाई. पॅसेंजर हायेत ते. कोन काय म्हणते?

गुणाबाई : आम्ही मांगच्या सीटवर चूप बसून राहू. तू पाहूबी नोको आमच्याकडं.

मंजुषा : ये वो प्रिया, उचलून घेते तुले... अव्वा! हा फ्रॉक कायनं ओला झाला? कमरेपर्यंत ओला हाये.

गुणाबाई : पाणी सांडवलं तिनं. पितळी गुंडातलं.

मंजुषा : गुंडात चिखल असते का, आई? हे पाहा. शेवाळ हाये हे. बोडीतलं हाये, गावाच्या लहान्या तळ्यातलं.

गुणाबाई : आण इकडं, पदरानं पुसून देते.

मंजुषा : आई, बोडीवर कोनं नेलं होतं हिले?

गुणाबाई : कोनी नाई नेलं.

मंजुषा : मंग?

गुणाबाई : चुलीवर भात ठेवला होता. उठाले गेली त डोळ्यापुढं अंधार आला. पडली मी. किती वेळ पडून होती, मले मालूम नाई. डोळे उघडले त भात करपला होता, आन् पोरगी घरात नाई.

मंजुषा : माय वो!

गुणाबाई : शेजारची मंगली धानाच्या रोवणीले चालली होती, तिले दिसली. पाण्यात उतरली होती. तिनंच आणून देल्लं.

दादाजी : बस इथी, मंजुषाबाई. खाली बस आधी. पोरगी चांगली हाये ना? तुह्या अंगावर हाये ना?

मंजुषा : मी नाई येत गाडीवर, भाऊ. डेपोत फोन लावा. दुसरा कंडक्टर पाठवा म्हणा.

दादाजी : लावतो. पण दुसरा येयेपर्यंत गाडी इथीच राहीन. दवाखान्यात जायाचे लोक बसले हायेत आतमध्ये. तू म्हणशीन तसं.

गुणाबाई : हेच होईन म्हणून सांगून नाई राह्यली होती मी. भाऊ, नोको लावू फोन.

मंजुषा : पोरगी बुडली असती, आई! आन् तुम्ही मले म्हणता जेवली नाई!

गुणाबाई : मंग काय सांगू? माह्या पोराले, निकेशले समजलं त नोकरीच सोडाले लावन तुले. आन् तू बाळंतपणानंतरसारखी त्या खाटेवर, दाराकडं पाहत बसशीन. पाह्यलं ना मी. दोन-दोन दिवस बोलत नव्हती तू. पोरगी हासे, तरी तू हासत नव्हती.

मंजुषा : तुम्हाले समजत होतं?

गुणाबाई : घरातच होती ना मी. कोनाले सांगू म्हणून चूप राह्यली.

मंजुषा : चक्कर पहिल्यांदाच आली का?

गुणाबाई : नाई.

मंजुषा : कधीपासून येते?

गुणाबाई : होळीपासून. बसून राह्यलं का जाते.

मंजुषा : होळीपासून! आन् मी कामावर जाऊ का म्हणून विचारलं, तवा म्हटलं, जाय, मी हाये.

गुणाबाई : हाये ना. हायेच मी.

दादाजी : बाई, गाडी दवाखान्यासमोरूनच जाते. सासूले तिथी उतरवून देतो. रक्तबिक्त तपासू द्या, वापसीले तिथूनच घेऊन येऊ.

मंजुषा : आन् उद्या, भाऊ? अंगणवाडी दुपारपर्यंत. मंगली रोवणीत. उद्या मी घरून निघाली, त पोरीले कोनाजवळ ठेवू?

दादाजी : ते मले नाई सांगता येत.

मंजुषा : निकेशले मी आजच सांगीन, आई. सगळं. भांडला त भांडू द्या. तुमच्या डोक्यात काय हाये, ते आधी समजलं पाहिजे.

गुणाबाई : मंग गाडी चालू करा म्हण.

मंजुषा : चला, चढा. सांभाळून. माह्या सीटच्या मांगंच बसा. प्रियाले मांडीवर घ्या, हात सोडू नोका.

गुणाबाई : मंजुषा.

मंजुषा : काय?

गुणाबाई : हाताचा भरवसा नाई राह्यला माह्या. पदरानं बांध तिले, माह्या कमरेले.

मंजुषा : थांबा, बांधते. झालं. आवळते का?

गुणाबाई : नाई. आखीन एक गाठ मार.