हात न लावलेला हंडा

...अहो, तेच तर मी मघापासून सांगतोय, हात कुणी लावलाच नव्हता! आई ओट्यावर शेंगा फोडत होती, आमची ही चुलीपुढे, मी बाजेवर आडवा, गाय दाव्याला बांधलेली आणि तिचं तोंड गव्हाणीत. आणि गोठ्यातल्या फळीवर पोत्याखाली झाकून ठेवलेला पितळी हंडा, सासऱ्यांनी लग्नात दिलेला, कधी पाणीसुद्धा न भरलेला, भर पावसाळ्यात, दुपारच्या वेळी, आपला आपण "टण्ण" वाजला आणि काठापासून बुडापर्यंत तडकला. हसताय? हसा. तुमची बायको घरी आहे ना? माझी त्याच दिवशी मोटारीत बसून माहेरी, शिरपूरला गेली.

का गेली? तर म्हणाली, "मन्हा माहेरना हंडा तुम्हनी मायना डोयामा खुपत व्हता." आई म्हणाली, "मी हात बी नही लावा. तुन्हा बापनीच फुटका दिन्हा व्हई." मी दोघींनाही "बरोबर आहे" म्हणालो, आता यात माझं काय चुकलं, दोघींचं बरोबर असू शकत नाही का? नाही म्हणे. जाताना उंबऱ्यावरून बजावून गेली, "कोनी फोडा ते सांगा, तवय मी येसू." आता कुणाचं नाव सांगू? आईचं सांगू? गाईचं सांगू? हात कुणी लावला नव्हता!

तुम्हाला सांगतो, तिच्याशिवाय धुळ्याचं ते घर मला खायला उठलं. चार दिवस कसेबसे काढले आणि शेवटी हंडा पोत्यात घालून गेलो पंडित तांबटाकडे. जोडीचा दुसरा हंडाही घेतला, म्हटलं, तो बघून मिळताजुळता डाग देऊन तडा सांधून देईल. आमच्या सासऱ्यांनी, हिलालआबांनी, एकाच दुकानातून तीन हंडे घेतले होते, यंत्रावरचे, नव्या फॅशनचे, आरशासारखे गुळगुळीत. दोन आम्हाला दिले, तिसरा धाकटीच्या लग्नासाठी ठेवला. तर पंडितनं तडा बघितला, बोट फिरवलं आणि म्हणाला, "हा कुणी फोडला नाही. हा आतून गेलाय."

आतून? आत तर काहीच नव्हतं!

तो म्हणाला, "निंबाभाऊ, पत्रा यंत्रावर ओढून गोल केला की ओढ आतच राहते. आमचा हंडा मठारलेला असतो. अंगभर हातोडीचे ठोके बसले की वरचा थर दबून बसतो, मग तड्याला वाट मिळत नाही. त्यात तुमचा ठेवला गोठ्यात, पावसाळ्याचा. ती हवा पितळेला सोसत नाही."

"म्हणजे ठोकला नाही म्हणून फुटला?"

"हो."

"आणि ठोकला असता तर?"

"टिकला असता."

"मग गाईनंच केलं म्हणायचं?"

"गाईचा काय संबंध?"

"आत्ता तुम्हीच गोठा म्हणालात!"

"गोठ्यात पितळ ठेवू नये, एवढं माझे वडील सांगायचे," म्हणाला, "त्यांना कुणी सांगितलं देव जाणे." आणि वर म्हणतो, "हा दुसराही जाईल एक दिवस. आणलाच आहे तर मठारून घ्या." माझं डोकं आधीच गरगरत होतं. म्हटलं, ठोका. आणि काय ठोकला हो त्यानं! ज्या हंड्यात बघून मिशी कातरावी, त्याला देवी आल्यासारखं केलं. पण मी खूश. म्हटलं, आता पुरावा आहे, बायको येणार.

निघालो. आग्रा रोडनं मोटार, मोटारीच्या टपावर दोन हंडे, तापी ओलांडून शिरपूर. आबांच्या ओट्यावर दोन्ही हंडे मांडले. आबांनी एकाच्या तड्यात नख घातलं, दुसऱ्याच्या खड्ड्यांवर तळवा फिरवला आणि माझ्याकडे बघितलं. "एक फोडा, नि दुसराले ठोकी काढं?"

मी म्हणालो, "नाही आबा, तो ठोकला नाही म्हणून फुटला, आणि हा फुटू नये म्हणून ठोकला." म्हणजे पंडितच्या दुकानात हे ऐकायला इतकं वाईट वाटलं नव्हतं हो! झुंबरबाई, म्हणजे सासूबाई, पदर खोचून पुढे आल्या. "भांडासना हाई हाल, मंग मन्ही पोरना काय करत व्हतीन? आम्ही पोर नही धाडसूत." आणि ही दाराआड उभी, डोळे भरलेले. मलाही भरून आलं. मी म्हणालो, "पंडित म्हणतो ओढ आत राहते..." पुढचं विसरलो. आतून दाबायचं की वरून? गाय कुठे येते? काही केल्या जुळेना.

आणि तेवढ्यात मागच्या गोठ्यातून आवाज आला. टण्ण!

सगळे पुढच्या बाजूला. हिच्यासकट. मी तर हात गुडघ्यांवर ठेवून बसलेला, चोरासारखा. आबा मागे गेले आणि तिसरा हंडा घेऊन आले. धाकटीचा. काठापासून बुडापर्यंत चीर. मी मनात म्हटलं, देवा, पावलास! आता कुणी काही बोलूच शकत नाही. आबांनी हंडा खाली ठेवला. सासूबाईंनी हंड्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाल्या,

"जवाई उना, नि हंडा फुटना."

घ्या! जावई आला म्हणून फुटला म्हणे!

पण तुम्हाला सांगतो, दाराआडून ही खुदकन हसली. डोळे पुसून म्हणाली, "आई वं, ह्यासनी हात बी नही लावा." आणि आत जाऊन गाठोडं बांधायला लागली. परतीच्या मोटारीत तो देवी आलेला हंडा मांडीवर घेऊन बसली, माझ्याकडे दिलाच नाही.

तेव्हापासून आहे घरी. सुखात आहे. रोज त्याच हंड्यात पाणी भरते. फक्त एवढंच की शिरपूरला मी गेलो, की सासूबाई आधी सगळी पितळेची भांडी माजघरात नेऊन दार लावतात आणि मग मला पाणी देतात... मातीच्या मडक्यातलं. आणि तेही, हात न लावता, वरूनच प्यायचं.