अकरा मतांची जागा

मतदानाच्या रांगेत एका शिक्षिकेच्या पुढेच एक म्हातारं जोडपं होतं. आजींची नजर गेली होती. त्यांच्या वतीनं शिक्का आजोबा मारणार, असं अधिकाऱ्यानं लिहून घेतलं होतं. आजोबांचं तोंड मात्र सुरूच होतं.

"कारखाने होते तोवर या उपनगरात पाच वेळा आमचाच खासदार. मग कारखान्यांच्या जागी इमारती उठल्या नि तुझे लोक आले."

"येणारच. तुमच्या माणसाला पाच खेपांत रेल्वेवर साधा पूल बांधता आला नाही."

"गेल्या वेळी अकरा मतांनी पडलो गं."

"त्यातलं एक माझं."

"ठाऊक आहे. चाळीस वर्षं घरातच विरोधी पक्ष पोसतोय."

"आज शिक्का तुमच्या हातात आहे. मला काही दिसायचं नाही."

"मग?"

"मग काही नाही. आपलं सांगितलं."

दोघं पुठ्ठ्याच्या आडोशामागे गेली. शिक्षिकेला आता फक्त आवाज येत होते.

"ही तुझी मतपत्रिका. तुझा माणूस तिसरा आहे."

"मारा मग."

"शिक्का तू धर. मी नुसता हात चौकटीवर नेतो."

"कशाला? माझा विश्वास आहे तुमच्यावर."

"माझाच माझ्यावर नाहीये ना! धर म्हणतो ना."

टेबलावर ठक्कन आवाज झाला.

"बसला का नीट?"

"बसला. एवढा ठसठशीत शिक्का मी माझ्या माणसालासुद्धा कधी मारला नव्हता."