निकमची शेजारीण

आपला निकम सरकारी सवलत लाटायला गेला आणि घरच्या चहाला महाग झाला, ते कळलं का?

पाथर्डी फाट्याकडच्या एका बिल्डरला नफ्यावरचा टॅक्स माफ होता. अट एवढीच, की फ्लॅट लहान हवेत आणि एका कुटुंबाला एकच द्यायचा. साध्या माणसांना घरं मिळावीत म्हणून! आपल्या या साध्या माणसाच्या दारात दोन गाड्या, आणि एक फ्लॅट त्याला पुरेना. बिल्डर म्हणाला, "साहेब, शेजारचा सासूबाईंच्या नावावर घ्या. माझा टॅक्स वाचला की तुम्हाला भावात सांभाळतो. मधली भिंत पाडून टाकू."

भिंत पडली. सासूबाईंच्या फ्लॅटात ऐसपैस स्वयंपाकघर झालं, निकमच्या फ्लॅटात हॉल आणि बेडरूम. सासूबाई मात्र सिन्नरलाच.

मग टॅक्सवाल्यांच्या तपासणीची कुणकुण लागली. निकमने घाईघाईने भिंत पुन्हा उभी केली आणि सासूबाईंना आणून पढवलं, "आई, विचारलं तर सांगायचं, हे घर माझं. निकम नुसते शेजारी."

टॅक्सचे साहेब आले. सासूबाईंनी न अडखळता सांगितलं. साहेब गेले, तसा निकम गवंड्याला घेऊन हजर.

"आई, भिंत पाडायची."

"का म्हणून? घर माझं हाय, तुम्हीच शिकवलं ना? मला हितं लय करमतंय."

आता निकम सकाळी सासूच्या दाराची बेल वाजवतो. परवा आतून आवाज आला, "थांबा जावईबापू, आधी घरच्यांचा चहा होऊ द्या."

त्या घरच्यांत निकमची बायकोही होती.