तिसऱ्या ओळीतली शांतता

कमनॉकच्या बसथांब्यावर रांगेत माझ्यापुढे आमच्या गावच्या ब्रास बँडचा लॅकलन आणि त्याची आत्या बेथिया उभे होते.

“लॅकलन, माझ्या आईचं गाणं बँडवर झकास बसवलंस. पण तिसऱ्या ओळीत सगळे एकदम गप्प का होतात रे?”

“आजी तिथं थांबायची, आत्या. तिच्या गाण्याच्या टेपवर आहे ना! विरहाची शांतता आहे ती. मी ती जरा लांबवली. ट्युबा वाजवणारा हेमिश तर दर वेळी डोळे पुसतो.”

“डोंबलाचा विरह! टेप केलं तेव्हा आई गाता गाता तव्यावरची ओटची भाकरी उलटत होती.”

“अरे देवा! शनिवारी स्पर्धा आहे. काढून टाकू का?”

“खबरदार! आईची जागा आहे ती.”

“मग करू काय?”

“निम्मी कर. एवढा वेळ लावलास तर भाकरी करपेल.”