श्री. क्ष यांनी पुढे काय केलं

ते पेपर खाली ठेव आणि बस त्या खुर्चीवर — मंगळवारचंच विचारतेयस ना, तुमच्या त्या वर्गाचं? तसा साधाच दिवस होता. पंखा नेहमीसारखा खडखडत होता, प्रोजेक्टर नेहमीसारखा रुसला होता — सरकारी विद्यापीठ आपलं, मॅनेजमेंट शिकवतो आणि पंखा काही मॅनेज होत नाही — आणि तू पहिल्या रांगेत हात वर करून बसली होतीस. बोल म्हटलं, तर काय म्हणालीस? 'मॅडम, हा मालक चांगला माणूस असेल, पण मूर्ख आहे.' अगं, मान खाली घालू नकोस. दरवर्षी कुणीतरी म्हणतंच. शिलाई मशीन दुरुस्त करायचं वर्कशॉप, म्हातारे होत चाललेले कारागीर, गिऱ्हाईक रोडावलेलं, आणि शेजारचा हॉटेलवाला जागेला म्हणाल ती किंमत द्यायला तयार — विकावं की चालवावं? त्याला मूर्ख न म्हणणारा वर्ग मला अजून भेटायचाय.

परीक्षेत येईल का, ते नाही विचारायचं तुला? मग? — श्री. क्ष यांनी पुढे काय केलं. हं.

सांगते. म्हणजे, एकट्यादुकट्याला सांगायचं नसतं ते. चर्चेसाठी अशी केस लिहिताना आम्ही मालकाचं नाव बदलून 'श्री. क्ष' करतो, माणूस खराच असतो. आणि या केसपुरती माझी एक पद्धत आहे — श्री. क्ष स्वतः वर्गात येतात. चर्चा रंगात आली की मागच्या दारानं हळूच येऊन शेवटच्या बाकावर बसतात. तुम्हाला वाटतं, असेल कुणी तपासणीला आलेला. तुम्ही त्यांची यथेच्छ चिरफाड करता आणि ते मजेत ऐकत बसतात. मग मी हात वर करायला लावते, वर्ग एकमुखानं 'विका' म्हणतो, आणि मी म्हणते, चला, आता श्री. क्ष यांनाच विचारू. माना कशा वळतात तुमच्या! बघण्यासारखं असतं ते. आणि तो उठतो, घसा खाकरतो आणि सांगतो, 'नाही विकलं. सकाळी उठून जायचं कुठे, तेच सुचेना.' वर्ग हसतो. मग मी फळ्यावर भावनेपायी होणारा तोटा समजावते आणि तो मान डोलावतो, जणू दुसऱ्याच कुणाचं चाललंय.

हो, 'तो' म्हणाले मी. भाऊ माझा. धाकटा.

वडिलांचं वर्कशॉप ते. मी शिकत गेले, तो तिथे बसला — ठरवलं कुणीच नव्हतं, झालं तसं. वर्षातून एकदा मात्र तोही विद्यापीठात यायचा, इस्त्रीचा शर्ट घालून. आणि आपण पाहुण्याला देतो काय? शिक्का मारलेलं पेन! डबाभर साठली होती त्याच्याकडे. 'ताई, एवढं मोठं तुमचं बिझनेस स्कूल, आणि एक पेन धड उठत नाही गं.' आणि ज्यानं मूर्ख म्हटलं असेल त्याला हुडकून कँटीनमध्ये न्यायचा, चहा पाजायचा. 'तोंडावर बोलला बिचारा,' म्हणायचा, 'घरच्यांना कुठे जमतंय.' घरचे म्हणजे मी.

तर यंदा, आदल्या दिवशी त्याचा फोन — 'ताई, उत्तर बदललंय.' म्हटलं, म्हणजे? विकतोयस की काय? 'वर्गात सांगीन. दरवर्षी तुला उत्तर आधीच ठाऊक असतं, एकदा तूही विद्यार्थी होऊन बघ.' म्हणून त्या दिवशी तुमच्यापेक्षा मीच उतावीळ. तू मूर्ख म्हणालीस, वर्ग हसला, मी शेवटच्या बाकाकडे बघितलं — रिकामा. उशीर करायचाच तो. मी फळ्याकडे वळले, तेवढ्यात मागचं दार वाजलं आणि मी मागे न बघताच म्हटलं, 'या, या, तुमचीच वाट बघत होतो!' — तर शिपाईमामा. किती हसलात सगळे. मीही हसले. ते नाही हसले.

बाहेर व्हरांड्यात सांगितलं त्यांनी. इकडे यायचं म्हणून वर्कशॉपच्या मागच्या खोलीत शर्ट बदलत होता. एक बाही चढवली, आणि स्टुलावर बसला तो बसलाच.

आणि मी काय करावं? आत येऊन मतदान घेतलं. आठवतंय ना — विकावं म्हणणाऱ्यांनी हात वर करा. का घेतलं? वर्ग अर्धवट सोडायचा नाही, ही सवय. दुसरं काय सांगू. तुम्ही सगळ्यांनी हात वर केलेत, मी मोजल्यासारखं केलं, 'उत्तर पुढच्या तासाला' म्हटलं आणि बाहेर पडले.

तर उत्तर हे, की मला माहीत नाही. खरंच नाही. कारागिरांना त्यानं काही सांगितलं नव्हतं. हॉटेलवाला म्हणतो, बोलणं पक्कं होत आलं होतं — पण तो दरवर्षीच म्हणतो. लग्न त्यानं केलं नाही, म्हणजे आता मागे मीच. थोरला कारागीर, माझ्या वडिलांच्या हाताखाली लागलेला, रोज सकाळी फोन करतो — 'ताई, उघडायचं का?' मी म्हणते, उद्या सांगते. सगळी केस तोंडपाठ आहे गं मला. विकावं, दुसरं उत्तरच नाही तिला, फळ्यावर किती वेळा मांडलंय. मग तोंडातून निघत का नाही? तू सांग. नाही, खरंच सांग, तू तर किती ठामपणे म्हणालीस —

असू दे. अगं, रडतेस काय? तुझं बरोबरच होतं, पैकीच्या पैकी गुण. चहा तेवढा राहिला तुझा. जा आता, तास असेल पुढचा. वर्गात काही बोलू नकोस, सांगेन मी. आणि दार लोटून घे जाताना.

फोन? वाजू दे. त्या थोरल्या कारागिराचाच असणार. वर्कशॉप अजून बंद आहे.