हाताला लागेल असं गाणं

शंकरराव : बंद कर ते! कानात घण घातल्यागत होतंय.

सम्राट : आबा, आत्ता तर लावलं. जरा ऐका तरी.

(कवठे येमाईतलं घर. कंपनीत प्रेस मशीनवर कामाला असलेल्या सम्राटनं पडवीत दोन मोठे स्पीकर मांडलेत. त्याचे वडील शंकरराव तिथंच आहेत, आई रंभा तांदूळ निवडत बसलीय. आयुष्यभर पिठाची गिरणी चालवून तिचे कान गेलेत. जवळ जाऊन ओरडलं तरच ऐकू येतं.)

शंकरराव : ऐकतोय की मघापासनं! गाणं कवा सुरू हुणार ते सांग. ना शब्द, ना ताल, नुसती घरघर. आरं, तुझ्या बापानं भीमगीतं गाऊन शिरूर-दौंड पालथं घातलंय. आन् पोरगं कंपनीतला खडखडाट घरी घेऊन येतंय.

सम्राट : कंपनीतला प्रेस एवढासाच आहे त्यात. बाकी वेगळं आहे. पुण्यात माणसं खास असलंच ऐकायला येतात, आबा. रविवारी मी वाजवणार, आणि आईला पुढं बसवणार.

शंकरराव : तिला कशापायी? जयंतीला काय झालं इसरलास? मी स्टेजवर गात हुतो. गाणं संपलं, समद्यांनी टाळ्या वाजवल्या, आन् ही तशीच बसलेली. शेजारच्या धुरपदानं कोपरानं ढोसलं तवा कळलं हिला. लई लाजली. तवापासनं उंबरा वलांडत न्हाई ती.

सम्राट : म्हणूनच न्यायचंय. ती नसली तर मी वाजवणारच नाही. तिच्यासाठी केलंय हे.

शंकरराव : बहिऱ्या बाईसाठी गाणं! धन्य हाय बाबा तुझी.

रंभा : काय म्हंत्यात रं ते?

सम्राट : आई! रविवारी पुण्याला चल! माझा कार्यक्रम आहे!

रंभा : मी येऊन काय करू, बाळा? तुझं आबा गायला लागलं की मला नुसतं तोंड हललेलं दिसतं. आधी किती गोड वाटायचं. आता तुझं बी तसंच बघत बसू व्हय? नगं. तू जा.

सम्राट : यात तोंड हलवायचंच नाही! हात दे. हात! इथं, स्पीकरवर ठेव.

रंभा : आरं, तांदूळ सांडतील...

सम्राट : सांडू दे!

शंकरराव : शॉक-बिक बसंल तिला!

सम्राट : काही बसत नाही. आई, नुसता तळवा टेकव. असा.

शंकरराव : काय गं? अशी काय बघतीस? सम्राट, आवाज कमी कर.

सम्राट : थांबा, आबा.

शंकरराव : (तिच्या कानाशी ओरडत) अगं, डोक्याला पदर कशाला गुंडाळतीस? उन्हात चाललीस का?

रंभा : पीठ बसंल की केसात!

शंकरराव : पीठ? कुठलं पीठ?

रंभा : अवो, आपली गिरणी चालू हाय!

शंकरराव : गिरणी इकली रंभा! खुटबावला गेली ती!

सम्राट : खुटबावलाच गेलो होतो मी. मालकाला म्हटलं, दळण चालू असताना शेजारी बसू द्या. सगळं मोबाईलवर घेतलं, घरी आणून जाड केलं, सावकाश केलं. वर कंपनीतल्या प्रेसचा ठोका ठेवला. दाणे सरकायला आई वरच्या डब्याला थापट्या मारायची ना, तसा.

रंभा : डबा अडला जणू. थांब, देते एक.

शंकरराव : अगं, फुटंल ते!

सम्राट : मारू दे. मार, आई!

रंभा : हां! आत्ता कशी उतरली ज्वारी. अवो, हात लावून बघा की. पार कोपरापत्तुर येतंय. पोटात बी येतंय. घरात किती दिसांनी काय तरी वाजलं!

शंकरराव : रडतीस का गं?

रंभा : काय म्हनलात?

शंकरराव : काय न्हाई!

रंभा : सम्राट, रविवारी मला म्होरंच बसव. खोक्याला हात पुरंल अशी. लई ग्वाड केलंस रं, लेकरा.

शंकरराव : सम्राट...

सम्राट : बोला.

शंकरराव : त्या खोक्यात माणसाचा आवाज घालता येतो का रं?

सम्राट : कुणाचा?

शंकरराव : कुणाचा म्हंजी? माझा. असाच जाड करून. हाताला लागंल असा.

सम्राट : येतो की! हा माईक धरा. कोणतं गाताय?

शंकरराव : गिरणी घेतली त्या सालच्या जयंतीला गायलो हुतो ते. ही गिरणीच्या दारातनं ऐकत हुती. घरी आल्यावर म्हणली, गळा चांगला हाय, पर तालाच्या म्होरं पळताय. समदी वस्ती वाहवा करत हुती, आन् हिचं हे!

सम्राट : मग आता पळू नका.

शंकरराव : गप रं. चालू कर.

सम्राट : आई! हात काढू नको! आता दुसरं येतंय!

रंभा : व्हय... हे गिरणीचं न्हवं. मधीच थांबतंय. ह्याला दम लागतोय.

सम्राट : ओळख कोण ते!

रंभा : अगं बया! अवो, अजून पळतायच की तुम्ही. सावकाश म्हणा. मी कुठं चाललीया?