आईचा हात आणि गाडीचा रंग

माउली, टाळ जरा खाली ठेवा. मृदंगवाले बुवा, तुम्हीही हात सोडा घटकाभर. आजचा प्रश्न गजरात विचारण्यासारखा नाही. साधा प्रश्न आहे, दुसरीतल्या पोरानंही उत्तर द्यावं असा. सांगा मला — आईच्या हातानं या जगात काय खराब होतं?

काय म्हणता? काहीच नाही? वा! बघा, कशा पटापट माना हलल्या! आमचे पाटील तर डोळे मिटून मान हलवतायत. पाटील, तुमच्या या माना मी वर्षानुवर्षं बघतोय. मंडपात हलतात आणि घराचा उंबरा ओलांडला की ताठ होतात! आणि त्या तिकडं मागं, खांबाला टेकून बसलेले तरुण मित्र — अर्धी नजर माझ्याकडं, अर्धी बाहेर लावलेल्या गाडीकडं! अहो, नाही नेत कुणी! बसा नीट. आजचं आख्यान तुमच्यासाठीच आहे.

तुम्ही म्हणाल, बुवा, पुराणातली कथा सांगा. नाही सांगणार! पुराणातला माणूस चुकला की आपल्याला बरं वाटतं. तो लांबचा असतो ना! आज जवळचा माणूस सांगतो.

तर मंडळी, ऐका. सांगोल्याच्या बाजूला एक गाव. त्या गावात सदानंद लिगाडे नावाचा गृहस्थ. पाण्याच्या मोटारी विकायचं दुकान. माणूस वाईट नाही बरं का! दारू नाही, पत्ते नाहीत, बायकोवर हात उचलणं नाही. घरात म्हातारे वडील गणपतराव, आई यमुनाबाई आणि बायको सुनंदा. चांगलं नांदतं घर. आणि गणेश चतुर्थीच्या मुहूर्तावर त्या घरात आली — गाडी! घराण्यातली पहिली चारचाकी! काळीभोर, चेहरा बघून भांग पाडावा अशी!

यमुनाबाई आरतीचं तबक घेऊन पुढं आली. काय करणार होती? आपण सगळे करतो तेच. बोट कुंकवात बुडवून पुढच्या पत्र्यावर स्वस्तिक काढणार होती.

"आई, थांब!" सदानंद ओरडला. "लेप दिलाय गाडीला! आठवडाभर पाणीसुद्धा लावायचं नाही!"

"लेप? पडली होय रं कुठं?"

हसताय? हसा. तिला लेप म्हणजे मुक्या माराचा लेप माहीत! पण हा लेप वेगळा होता. शहरातल्या दुकानात रंगावर पातळ काचेसारखा थर चढवून देतात, त्यानं रंग टिकतो म्हणे. दुकानवाल्यानं नियमही सांगितले होते. उन्हात धुवायची नाही. दोन बादल्या घ्यायच्या, एक साबणाची आणि एक फडकं खळबळायला. फडकं मऊ पाहिजे. गोल गोल पुसायचं नाही, सरळ पुसायचं. पाखरानं घाण केली तर तिथल्या तिथं टिपून घ्यायची.

चूक आहे का यात काही? मुळीच नाही! कष्टाची वस्तू आहे, जपावीच. मी कीर्तनकार आहे, गाढव नाही. गाडी चिखलात लोळवा असं मी कधी सांगणार नाही.

पण मंडळी, जपणं कुठं संपतं आणि माणूस कुठं बिघडायला लागतो, ती रेघ फार बारीक असते हो! दिसतच नाही. सदानंदला दिसली नाही. आधी वडिलांची काठी डिकीत गेली, दाराला घासते म्हणून. मग आईवडिलांना गाडीत बसताना पाय धुऊन, पुसून, वर जुनी चादर अंथरून बसवायला लागला. म्हातारा आपल्याच पोराच्या गाडीत अंग चोरून बसायचा! परक्याच्या गाडीत बसतात तसा.

आणि मग आला पितृपंधरवडा. आता हे ऐका! सुनंदानं पान वाढलं, गणपतरावांनी ते माळवदावर ठेवलं आणि थरथरत्या आवाजात हाक मारायला लागले — "काव! काव!" बापाचं श्राद्ध होतं त्यांच्या. कावळे आले. आणि खालून सदानंद धावला बांबू घेऊन — "हाड! हाड!" का? तर कावळा बसला गाडीच्या वरच्या फांदीवर! वर बाप बोलावतोय, खाली पोरगा हाकलतोय! त्या कावळ्यानं काय करावं सांगा! आजोबा सांगोल्यापर्यंत आले असतील आणि नातवाचा बांबू बघून आल्या वाटेनं परत गेले असतील!

हसलात ना पोटभर? पुसा डोळे. आता हसण्यासारखं काही उरलेलं नाही.

खंडेनवमी आली. त्या दिवशी आपण काय करतो? विळा, कोयता, नांगर, शिलाई मशीन — ज्याच्यावर घर चालतं ते धुऊन पुसून पूजेला मांडतो. आणि त्या घरात हे धुण्याचं काम जन्मभर यमुनाबाईचं. बैलगाडी होती तेव्हा चाकं तिनं धुतली. सायकल आली, तिनं धुतली. दुकानातले पाने-पक्कडसुद्धा तिनंच पुसले. ती त्या सकाळी उठली आणि तिला वाटलं, लेकराच्या घरात पहिली गाडी आलीय, तिची पहिली पूजा आज, तर मी धुवायची नाही तर कुणी?

आणि बाई वेंधळी नव्हती हो! तिनं पोराचं बोलणं ऐकलं होतं. नारळाची शेंडी घेतली नाही, राख घेतली नाही. दोन बादल्या भरल्या. ऊन यायच्या आत सुरुवात केली. फडकं कुठलं घेतलं? घरातलं सगळ्यात मऊ कापड म्हणजे तिच्या लुगड्याचं जुनेर. धुऊन धुऊन लोण्यासारखं झालेलं. बाळंतिणीला देतात ना, तसलं! ते बुडवलं आणि तिनं गाडी धुतली. पोराला न्हाऊ घालावं तशी धुतली. मागच्या दारावरून, टपावरून, पुढच्या पत्र्यावरून... हात फिरवत राहिली.

फक्त एक विसरली. हाताबरोबर बांगड्याही फिरत होत्या.

काकणं ती! मनगट भरून हिरवा चुडा आणि पुढं सोन्याच्या पाटल्या. ऊन वर आलं आणि काळ्या रंगावर, जिथं जिथं तिचा हात फिरला होता तिथं, बारीक बारीक ओरखडे चमकायला लागले.

सदानंद बाहेर आला. बघितलं. आणि मंडळी, त्या माणसाचा चेहरा! घरात मयत झाल्यासारखा!

"कुणी केलं ह्ये?"

"म्या धुतली रं. लख्ख झाली का न्हाय?" ती आपली हसतमुख! हातात अजून फडकं!

"लख्ख? डोळं फुटलं का तुझं? ह्ये बघ! ह्ये बघ! सगळी गाडी ओरबाडलीस!"

ती वाकून बघायला लागली. तिला आधी काही दिसेचना. मग दिसलं. बाई कावरीबावरी झाली. म्हणाली, "पुसते रं पुन्हा... जातील, पुसलं की जातील..."

आणि सदानंद बोलला. सगळी आळी ऐकत होती. ओसरीवर बाजेवर बसून गणपतराव गाडीसाठीच झेंडूची माळ ओवत होते, ते ऐकत होते. तो बोलला — "हात लावायचा न्हाय! लावायचाच आसंल तर आदी त्या बांगड्या काढून ये!"

थांबा. मला जरा पाणी द्या.

मायबहिणींनो, तुम्ही पदर तोंडाला लावलात, तुम्हाला कळलं. या पुरुष मंडळींपैकी कितीजणांना कळलं देव जाणे! अहो, बांगडी फुटली तरी फुटली म्हणत नाही आपण, वाढवली म्हणतो. शब्दसुद्धा जपतो! आणि इथं नवरा समोर जिवंत बसलेला असताना पोटचा पोरगा आईला सांगतो — बांगड्या काढून ये! कशासाठी? पत्र्यासाठी!

ती आत गेली. सगळ्यांना वाटलं, रडायला गेली. नाही! मोरीवर गेली, हाताला साबण चोळला आणि एकेक बांगडी सोडवली. रागानं नव्हे! तिच्या डोक्यात एवढंच की लेकराचं नुकसान झालंय, बांगड्यांमुळं झालंय, आणि काढल्या की पुसता येईल. पाटल्या काढल्या, चुडा काढला, आणि फडकं पिळत बाहेर आली. दोन्ही हात मोकळे.

म्हाताऱ्यानं वर बघितलं. माळ हातातून गळाली. तो एवढंच म्हणाला —

"यमुने... आगं, मी हाय की अजून."

तेव्हा तिनं स्वतःच्या हातांकडं बघितलं. तेव्हा तिला कळलं आपण काय केलं ते! फडकं तिथंच टाकून, दोन्ही हात पोटाशी लपवून बाई आत पळाली. आणि सदानंद? मंडळी, तो आईच्या मागं गेला असेल? बापाच्या पायाशी बसला असेल? तो पुन्हा वाकला आणि ओरखडा किती खोल गेलाय ते नखानं बघायला लागला! त्या घडीला मला तिथं उभं केलं असतं तर हातातली चिपळी मी त्या पत्र्यावर आपटली असती. खरं सांगतो!

आता तुम्ही वाट बघताय की म्हातारा गेला असेल. अपशकुन झाला, पापाचं फळ मिळालं, पोरगा धाय मोकलून रडला! नाही हो. गणपतराव आजही ठणठणीत आहेत. तसं झालं असतं तर सोपं होतं. माणूस एकदा रडतो आणि मोकळा होतो. इथं कुणी मेलं नाही. बांगड्याही तिनं लगेच पुन्हा भरल्या. गाडीसुद्धा शहरात नेली. तिथल्या माणसानं यंत्र फिरवलं, ओरखडे गेले, नवा लेप बसला. गाडी जशी होती तशी झाली!

दुसऱ्या दिवशी दसरा. संध्याकाळी सोनं द्यायला सदानंद आईच्या पायाशी वाकला. दरवर्षी काय व्हायचं? तिचा हात त्याच्या डोक्यावर पडायचा, केसांतून फिरायचा, कानशिलावर कडाकडा बोटं मोडायची. या वर्षी हात उठला, आणि डोक्याच्या वर अधांतरी थांबला. "मोठा हो," म्हणाली आणि मागं घेतला. सदानंदला घाई होती, मित्रांकडं जायचं होतं. त्याला कळलंही नाही!

सुनंदाला मात्र कळत होतं. सासू आता ताट सरकवून देते. शर्टाची घडी करत नाही. दुकानाला निघालेल्या पोराच्या पाठीवर हात ठेवत नाही. रुसली म्हणावं तर रुसली नाही, गोड बोलते, आवडीचं करून घालते. सुनंदानं एकदा विचारलं, "आत्या, आसं लांब लांब का?" तर म्हणाली, "माझं हात खरबरीत झाल्यात गं. त्याचं काय काय महागाचं आसतंय. उगं कुठं लागायचं."

ऐकलंत? रागावलेली आई परवडते हो! राग उतरतो. ही रागावलीच नव्हती. पोराचं बोलणं तिला पटलं होतं!

थंडीत सदानंद तापानं फणफणला. डासांचा ताप. अंग मोडून आलं, डोकं फुटायला लागलं. सलाईन झालं, गोळ्या झाल्या, घरी आणून निजवला. भर दुपार. सुनंदा औषधाला गेलेली. आणि चाळिशीचा तो माणूस तापात पुटपुटायला लागला — "आई... आई..." लहानपणी ताप आला की तिचा हात कपाळावर असायचा ना! औषध नंतर, हात आधी!

यमुनाबाई दारात उभी होती. सकाळपासून तिथंच होती, उंबऱ्याशी. पोरगा हाक मारतोय, जीव तुटतोय, आणि पाऊल आत पडत नाही. शेवटी तिनं विचारलं. टोमणा नव्हता हो त्यात! अगदी मनापासून, भीत भीत विचारलं —

"हात लावू का रं?"

आईनं! पोटच्या पोराला! मंडळी, त्या क्षणी सदानंदला सगळं आठवलं. ताप एकीकडं राहिला आणि माणूस ओक्साबोक्शी रडायला लागला. "लाव की गं आई! विचारतीस काय? लाव!"

ती आली. शेजारी बसली. हात पुढं केला. आणि ठेवायच्या आधी काय केलं? पदर ओढला, मनगटावरून, बांगड्यांवरून, बोटांपर्यंत नीट गुंडाळला, आणि मग तो हात त्याच्या कपाळावर ठेवला.

त्याला कापड लागलं. हात लागला नाही.

आजही तसाच ठेवते. "पदर काढ" म्हणून त्यानं पाय धरले, विनवण्या केल्या. "आसू दे रं," म्हणते, "मऊ आसतंय." यंत्र फिरवून हे ओरखडे काढणारं दुकान सदानंद अजून शोधतोय.

मघाशी माना हलवल्यात ना? आता हलवा बघू! "आई, राहू दे, तुला नाही जमायचं." "आई, मोबाईलला हात लावू नकोस." "आई, सोफ्यावर नको, खाली बस." यातलं एखादं वाक्य आज सकाळीच कुणाच्या तोंडून गेलं, हे मी विचारत नाही. तुमच्या शेजारी बसलेल्या म्हातारीला विचारा. नाही, तिलाही विचारू नका. ती "नाही हो बुवा, माझा लेक गुणाचा" असंच म्हणेल!

टाळ्या नकोत. आरतीला उभे राहा. आणि आरती झाल्यावर आईला गाडीत बसवून घरी न्याल, तेव्हा एवढंच बघा — ती दार स्वतःच्या हातानं उघडते, की तुम्ही उघडाल म्हणून बाजूला उभी राहते.